उभ्यानं आखणी

रोह्यात मी दवाखाना काढला तेव्हा दारावरची पाटी माझ्या सासऱ्यांनी स्वतः रंगवून दिली. ते पेणचे गणपती करणारे. उभं आयुष्य ब्रश धरलेला हात, त्यामुळे साध्या पाटीवरची अक्षरंही अशी वळणदार की येणारा-जाणारा थांबून बघायचा. माझ्या नावाखाली त्यांनी ठळक अक्षरांत 'सर्जन' असं लिहिलं होतं. ते वाचून बायकांना वाटे ही बाळंतपणं करणारी डॉक्टर आणि पुरुषांना वाटे ही बायकांची डॉक्टर. धाटावच्या कंपन्यांत शिफ्ट करणाऱ्या कामगारांना सर्जन म्हणजे काय ते बरोबर कळायचं, पण तेही पाटी वाचून नावापर्यंत आले की चालते व्हायचे.

पुरुष माझ्याकडे यायचे ते यंत्रात बोट सापडलं म्हणून, पायात खिळा गेला म्हणून. हर्निया घेऊन कुणी आलाच तर बायको पुढे आणि तो तिच्या मागे. बसायच्या जागेचं दुखणं घेऊन मात्र एकही बाप्या येत नसे. तसलं दुखणं रोह्यात नव्हतंच असं नाही. ते एस.टी. स्टँडजवळच्या एका तंबूत जायचं. तिथं 'मूळव्याध, भगंदर, हमखास इलाज' असं कापडावर लिहून टांगलेलं होतं. तिथून बिघडलेली माणसं मग माझ्याकडे आणली जायची, चौघांनी उचलून, तापानं फणफणलेली, आणि तेवढ्यातही टेबलावर पडून विचारायची, "बापई डॉक्टर नाय काय हो हितं?"

मला राग यायचा. मी रागीट आहेच, अर्ध्या रोह्यानं माझी बोलणी खाल्ली आहेत. एकाला मी म्हटलं होतं, "आहे ना, अलिबागला आहे. एस.टी.त बसून जाता का?" बसणं हीच तर त्याची अडचण. तो कण्हता कण्हता हसला आणि मुकाट्यानं कुशीवर वळला.

खरं म्हणजे गोष्ट साधी आहे. गुदद्वाराच्या आत, कडेला, बारीक ग्रंथी असतात. त्यातली एखादी तुंबते, तिच्यात जंतू वाढतात, पू होतो. तो पू वाट शोधत बाहेरच्या बाजूला येतो आणि कातडीखाली साचून राहतो. तिथं गाठ येते, ती ठसठसते, बसवत नाही, खोकलं तरी कळ जाते, मग हुडहुडी भरून ताप येतो. ही मूळव्याध नव्हे. पण आपल्याकडे त्या जागेचं काहीही दुखलं की त्याला मूळव्याधच म्हणायचं आणि सुरण खायचं, असं ठरलेलं. गोळ्या घेतल्या तर ताप घटकाभर उतरतो, पू तिथंच राहतो. साचलेल्या पुवाला चिरा देऊन वाट करून द्यावी लागते, दुसरा इलाज नाही. हे मी कॉलेजात शिकले खरी, पण नंतर इतक्या वेळा आणि इतक्या वैतागानं सांगितलं की आता ते माझंच आहे असं वाटतं.

माझं माहेर निडीचं, भात आणि वाल लावणाऱ्यांचं. आमच्या गावातून डॉक्टर झालेली मी पहिलीच मुलगी, आणि त्यातही सर्जन. लग्नाच्या बाजारात ही काही जमेची बाजू नव्हती. पाहायला आलेल्या एका घरच्या मंडळींनी विचारलं होतं, "म्हणजे घरी येऊन त्याच हातांनी भाकऱ्या करणार?" आईनं त्यांना चहा न देता वाटेला लावलं. पेणहून माझे सासरे आले तेव्हा त्यांनी माझा चेहरा बघायच्या आधी हात पुढे करायला सांगितले, बोटं उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाले, "आमच्या घरात हाताचं काम करणारीच मानसं लागतात. पसंत हाय." मी त्यांना मामा म्हणू लागले, सासूबाईंना आत्या. नवरा रोह्याच्या शाळेत शिक्षक, म्हणून आम्ही रोह्याला आणि सणावाराला पेणला.

पेणच्या घराला घर म्हणायचं ते मागच्या दोन खोल्यांमुळे. बाकी सगळा कारखाना. आषाढ संपेस्तोवर ओळीनं पांढऱ्या मूर्ती उभ्या, मग त्यांना अंगाचा रंग, पितांबर, दागिने. ज्या घरात गणपती जायचा त्या घरचा पाट आधीच आमच्याकडे येऊन पडलेला असे, आणि मूर्ती त्या पाटावर बसूनच बाहेर पडे. रंगकाम दहा माणसं करीत. डोळ्यांची आखणी मात्र एकटे मामा. डोळे नसलेल्या मूर्तीला ते "माती" म्हणत आणि डोळे काढले की "देव". श्रावणभर ते मांडी घालून एका जागी बसत, पुढ्यात मूर्ती, हातात चार केसांचा ब्रश. उठायचे ते जेवायला आणि निजायला.

त्या वर्षी श्रावणात आत्यांचा फोन आला. शेजाऱ्यांकडून केलेला, म्हणून आवाज दबका.

"अगो, यांच्या पंचाला माती लागलीय."

मी म्हटलं, "आत्या, तुमच्या घरात मिठाच्या बरणीलाही माती लागलेली असते."

"तशी नाय गो. मागून. आतल्या बाजूनं. आनि वास मारतोय."

मी दुसऱ्या दिवशी पेण गाठलं. कारखान्यात शिरले तर दारातच चप्पल काढून माणसं हात जोडून उभी. मला वाटलं, आरती आहे का काय. आत मामा उभे. मूर्ती उंच टेबलावर, आणि मामा उभ्यानं डोळे काढतायत. मला बघून कारखान्यातला जुना रंगारी कौतुकानं म्हणाला, "काकांनी यंदा नवस केलाय, डॉक्टरीणबाय. सगळी आखणी उभ्यानं करायची. बसायचं नाय." तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं पुढे होऊन मामांच्या पायाला हात लावला. वाट वाकडी करून खास बघायला आलेली माणसं होती ती. नवसाची बातमी वडखळपर्यंत पोचली होती.

मी मामांकडे पाहिलं. सगळं वजन उजव्या पायावर, डावा नुसता टेकलेला. कपाळावर घाम, गाल तापानं लाल, ओठ सुकलेले. ब्रश मात्र तसूभर हलत नव्हता. हा नवस कुठून उगवला ते मला तिथल्या तिथं कळलं. बसवत नाही हे सांगायचं नाही, आणि उभं का राहता असं विचारणाऱ्याला काहीतरी तर सांगायला हवं. गणपतीच्या कारखान्यात सगळ्यात सोयीचं कारण काय, तर नवस. एकदा बोलून बसले आणि मग रोज नवे लोक पाया पडायला येऊ लागले, त्यामुळे माघार घ्यायचीही सोय राहिली नाही.

स्वयंपाकघरात आत्यांनी बाकीचं सांगितलं. गळवावर ते रोज शाडूचा लेप देत होते. पेणमध्ये हे कुणालाही खरं वाटेल. शाडू थंड, शाडू ओढून घेतो, मधमाशी चावली तर शाडू, घामोळं आलं तर शाडू. आंघोळीच्या मोरीत कडी लावून ते आपल्या हातानं मागे लिंपून घेत आणि वर लंगोट आवळत. गार वाटे, तासभर बरं वाटे. मग माती वाळून कातडी ओढली जाई आणि दुप्पट दुखे.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर मी विषय काढला. मामांनी भिंतीकडे बघत उत्तर दिलं, "काय झालेलं नाय. पाऊस बाधला जरा."

"पाऊस मागच्या बाजूनं बाधला का मामा?"

आत्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. आमच्या घरात सुनेनं सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्यांच्या पानात वाढतानाही बोटाला बोट लागू द्यायचं नाही. मी रोह्यात हजार माणसांच्या पोटात हात घातला होता, पण पेणच्या उंबऱ्याच्या आत ही रीत मीही पाळत होते. आणि आता त्याच सुनेनं सासऱ्याची बसायची जागा बघायची, हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं.

"निदान रक्त तरी घेऊ द्या," मी म्हटलं.

"हात घे. बाकी काय मागू नको."

गावातल्या लॅबमधून तासाभरात उत्तर आलं, रक्तातली साखर भरपूर वाढलेली. त्यांना मधुमेह आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, दिवसाला दहा चहा पिणाऱ्या त्यांना तर नाहीच. धडधाकट माणसाचं असं गळू म्हणजे दुखणं. मधुमेहाच्या माणसाचं असं गळू म्हणजे जिवाशी गाठ. तो पू आतल्या आत पसरतो, मांडीत उतरतो, पोटाकडे चढतो, वरची कातडी काळी पडते आणि मग कुठलाच सर्जन काही करू शकत नाही. तंबूतून आलेला असा एक माणूस माझ्या टेबलावर गेला होता. मी ते सगळं मामांना, काही न लपवता, सांगितलं.

मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गनपती गेले की बघू."

"गणपती जातील, आणि त्यांच्या आधी तुम्ही जाल," मी म्हटलं.

आत्यांनी तोंडावर हात घेतला. सासऱ्याशी असं बोलल्याचं मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. तो माणूस मला हवा होता. माझ्या हातांवरून मला पसंत करणारा जगात तो एकटाच होता.

मी मऊ झाले. म्हटलं, "मला दाखवू नका. अलिबागला माझ्या ओळखीचे सर्जन आहेत, पुरुष आहेत, चांगले आहेत. सकाळी त्यांच्याकडे जाऊ. खरं तर घरच्या माणसावर आपण सुरी धरू नये, असंच आम्हाला शिकवतात." ते नाही म्हणाले नाहीत. मी उठून शेजारी गेले, अलिबागला फोन करून ठरवून आले.

परत आले तर मामा कारखान्यात दिव्याखाली तसेच उभे. मला जवळ बोलावलं. आधी त्यांनी विचारलं, "शाडूनं का नाय ओढलं?"

"शाडू वरच्या कातडीचं पाणी ओढतो, मामा. पू दोन बोटं आत आहे. तिथं माती काय करणार?"

"मंग तुमी काय करता?"

मी सांगितलं. भूल द्यायची. गाठ जिथं सगळ्यात मऊ लागते तिथं चिरा द्यायचा, लहान नाही, चांगला ऐसपैस. पू निघाला की आत बोट घालून जेवढे कप्पे असतील तेवढे फोडायचे, नाहीतर एका कप्प्यात राहिलेला पू पुन्हा वाढतो. मग धुवायचं आणि जखम उघडी ठेवायची.

"टाके?"

"टाके घालायचे नाहीत. खालून भरत भरत वर आली पाहिजे."

ते समोरच्या मूर्तीच्या सोंडेवरून बोट फिरवत म्हणाले, "बराबर हाय. मूर्तीला भेग गेली तर आमी वरून लिंपीत नाय. वरून लिंपलं की आत पोकळ ऱ्हातं, रंगाच्या वेळेला पुन्हा उघडतं. भेग खरडून मोठी करायची आनि तळापासनं भरीत यायची." एवढं बोलून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसे ते कारखान्यात नवीन आलेल्या कारागिराकडे बघत.

आणि मग त्यांनी जे केलं ते त्यांच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. कोपऱ्यातली एक कान तुटलेली, बाद केलेली मूर्ती उचलून टेबलावर ठेवली, आपला ब्रश काळ्या रंगात बुडवून माझ्या हातात दिला.

"भिवई काढ."

"माझी परीक्षा घेताय?"

"व्हय."

मला हसूही आलं आणि रागही. मोठमोठ्या डॉक्टरांसमोर परीक्षा दिल्या होत्या, पण ब्रश हातात धरून कधी नाही. मी श्वास धरला, करंगळी मूर्तीच्या गालाला टेकवली आणि एका दमात भिवई काढली. रेघ काही डौलदार आली नाही. देव जरा चिडल्यासारखा दिसू लागला. मामांनी दिवा जवळ धरून बघितलं.

"हात हलत नाय," ते म्हणाले. "घाई मातर हाय."

"सवय नाही ब्रशाची."

"अलिबागवाल्याचा हात मी बघितलेला नाय." ब्रश पाण्यात बुडवून ते तो पुसत राहिले. पुसून पुसून ब्रश कोरडा झाला तरी थांबेनात. शेवटी खाली बघून म्हणाले, "तू कापायच्या वेळी तोंडाला फडका बांधतेस ना?"

"बांधते. डोक्यालाही टोपी असते."

"मंग झालं. मला कोन काय दिसायचं नाय. नि माझं तोंड भिंतीकडं."

मी मान हलवली. आत्या दाराआड उभ्या राहून ऐकत होत्या, त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

सकाळी प्रश्न आला, रोह्याला माझ्या दवाखान्यात न्यायचं कसं. बसवत तर नाही. शेवटी मूर्ती पोचवायचा टेम्पो काढला, त्यात नेहमीसारखा पेंढा भरला आणि मामा त्यावर पालथे निजले. रंगारी आणि रात्रीच रोह्याहून आलेला माझा नवरा दोन्ही बाजूंना, आत्या आणि मी उशाशी. वाटेत नागोठण्याला एकानं टेम्पोतला पेंढा बघून "मोरया" म्हणून हात जोडले. मामा पेंढ्यातून म्हणाले, "त्याला सांगा, मूर्ती नाय, मूर्तिकार हाय." एवढ्या तापात ते थट्टा करतायत हे बघून माझा जीव थोडा भांड्यात पडला.

दवाखान्यात पोचताच साखर आवरायला इंजेक्शनं सुरू केली, सलाइन लावलं, जंतूंवरचं औषध दिलं. भूल देणारे डॉक्टर पनवेलहून येईपर्यंत दुपार झाली. कमरेखाली बधिर करून मामांना कुशीवर घेतलं, तोंड भिंतीकडे. मी हात धुवून, फडका बांधून आले. त्या क्षणापर्यंत मला भीती होती की माझा हात हलेल. मी शाडूचा वाळलेला पापुद्रा धुऊन काढला, खाली लालबुंद, ताणलेली, मोठी गाठ दिसली, आणि भीती कुठल्या कुठे गेली. समोर काम होतं. आणि हे काम मला येत होतं.

"मामा, सुरू करते."

भिंतीकडून आवाज आला, "कर. घाई करू नको."

चिरा दिल्याबरोबर पू असा उसळला की नर्सनं मान फिरवली. वास सगळ्या खोलीभर. लोकांना सांगून पटायचं नाही, पण साचलेला पू सुटतो तेव्हा सर्जनला जो आनंद होतो त्याला तोड नाही. मी बोट घालून एकेक कप्पा फोडला. एक मांडीच्या दिशेनं निघाला होता, पण फार गेला नव्हता. आणखी थोडे दिवस तो शाडू आणि तो नवस चालला असता तर गेला असता. मी तळ हाताला लागेपर्यंत थांबले नाही, आणि घाईही केली नाही. बाहेर येऊन नवऱ्याला म्हटलं, "वाचले," आणि मग तिथंच बाकावर बसून रडले. आत्यांनी मला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. मामा डोळे उघडून म्हणाले, "गो, किती दिसांनी झोपलो." मग हळूच विचारलं, "शिवलं नायस ना?"

"नाही. तळापासून भरतंय."

त्यांचं समाधान झालं. पुढचे दिवस कोमट पाण्याचं घमेलं, त्यात बसणं, रोजची पट्टी. पहिल्या दोन पट्ट्यांना ते भिंतीकडे तोंड करून देवाचं नाव घेत राहिले. तिसऱ्या पट्टीला त्यांनी मान वळवून विचारलं, "आता रंग कसा हाय?" मी सांगितलं, लाल, चांगला. ते म्हणाले, "लाल म्हंजे जिवंत." मी त्यांना हेही सांगून ठेवलं की काहींना त्या जागी आतून बाहेरपर्यंत नळी राहून जाते, तिलाच भगंदर म्हणतात, तसं झालं तर पुन्हा शस्त्रक्रिया लागेल. तसं काही झालं नाही. ते पुढे बरीच वर्षं जगले, साखर न घातलेल्या चहाला नावं ठेवत.

चतुर्थी तोंडावर आली तसा त्यांनी घरी जायचा हेका धरला. मी पोटावर निजायच्या अटीवर सोडलं आणि रोज सकाळच्या गाडीनं पट्टी करायला पेणला जाऊ लागले. माझी अट त्यांनी पाळली, पण आपल्या पद्धतीनं. कारखान्याच्या मधोमध खाट टाकून घेतली, तिच्यावर पालथे निजले, समोर स्टुलावर मूर्ती, आणि हनुवटीखाली उशी घेऊन त्यांची आखणी सुरू. रंगारी एकेक मूर्ती पुढे आणून ठेवी.

एका सकाळी मी पट्टीचं सामान घेऊन दारात पोचले तेव्हा कारखाना गच्च भरलेला. माणसं आपापला पाट, आपापली मूर्ती न्यायला आलेली. एकानं मोठ्यानं विचारलं, "काय काका, नवस पुरा झाला काय? आता निजून आखणी?"

सगळे हसले. नवस पुरा झाला म्हणायला काहीच जड नव्हतं. मामांनी ब्रश खाली ठेवला.

"नवस कसला डोंबलाचा. गळू झालं हुतं."

"कुठं?"

"बसतो तितं."

कुणीतरी सावरून घ्यायला म्हणालं, "मूळव्याध म्हना की."

"मूळव्याध न्हवं! मूळव्याध येगळी. ह्याच्यात पू होतो. गोळ्यांनी जात नाय, कापायलाच लागतो. आनि शाडूनं तर अजाबात जात नाय, मी लावून बघितलाय." मग त्यांनी ब्रशानं सरळ दाराकडे, माझ्याकडे, खूण केली. "तिनं कापलं. आमच्या सुनेनं. हात असा, आखणीवाल्याचा."

सगळी डोकी माझ्याकडे वळली. मी, जिनं रोह्यातल्या लाजणाऱ्या बाप्यांना धारेवर धरलं होतं, तीच मी कानापर्यंत लाल झाले. कुठे बघावं कळेना. आणि त्याच वेळी मला इतका अभिमान वाटला, त्यांचा आणि माझाही, की तो लपवायचा मी प्रयत्नसुद्धा केला नाही.

गर्दी हळूहळू पांगली. एक माणूस मात्र मूर्ती बांधून झाली तरी रेंगाळत होता. खाडीकडचा, मिठागरावर काम करणारा. इतका वेळ बाक रिकामा असूनही तो बसला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. तो माझ्याजवळ आला आणि खाली मान घालून म्हणाला, "बाय, माजंबी तसंच हाय. जरा बघता काय?"

कुणी ओढून, उचलून न आणता, आपल्या पायानं चालत येऊन मला हे विचारणारा तो पहिला पुरुष. मी इकडंतिकडं बघितलं. आतल्या खोल्यांत मूर्तीच मूर्ती, पाय ठेवायलाही जागा नाही. आडवं व्हायला सगळ्या घरात एकच खाट.

मामांच्या पुढ्यातल्या गणपतीचा एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता. एक डोळा काढला की दुसरा काढेपर्यंत ते जागचे हलत नसत. घरात कुणी पडलं-झडलं तरी नाही, कधीच नाही. त्यांनी ब्रश पाण्यात ठेवला, माझ्या खांद्याला धरून सावकाश उठले, आणि त्या माणसाला म्हणाले, "नीज हितं." मग दोरीवरचं आपलं धोतर ओढलं, दोन्ही हातांनी ताणून पडदा धरला, आणि आमच्याकडे पाठ करून, माझं बघून होईपर्यंत, तसेच उभे राहिले.